पहिली रायफल कोणती? बारडोलीच्या वारशापासून गोव्याच्या नेमबाजी केंद्रापर्यंत

‘छंद म्हणून नेमबाजी करायची आहे, परवडेल अशी पहिली अर्धस्वयंचलित रायफल कोणती घ्यावी?’ हा प्रश्न मूळचा अमेरिकेतील बाजारपेठेतला. तिथे तो मोटारसायकल किंवा कॅमेरा निवडण्याइतक्या सहजपणे विचारला जातो. मोबाइलच्या पडद्यावरून तो आता आपल्याकडेही येऊन पोहोचला आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारतीय नेमबाजांनी तीन पदके मिळवली आणि त्यांपैकी एक कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेच्या गळ्यात पडले. त्यानंतर नेमबाजीविषयी चौकशी करणाऱ्या तरुणांची आणि पालकांची उत्सुकता वाढणे साहजिकच आहे. मात्र या उत्सुकतेला परदेशी चित्रफितींतून मिळणारी उत्तरे भारतात केवळ निरुपयोगी नाहीत. ती एखाद्याला थेट तुरुंगाच्या दाराशी नेऊ शकतात.

थोडक्यात उत्तर द्यायचे तर, सर्वसामान्य भारतीय नागरिकासाठी ‘पहिली अर्धस्वयंचलित रायफल’ असे काही अस्तित्वातच नाही. पण उत्तर इथे संपत नाही. कायद्याने ही वाट का बंद ठेवली, त्याच कायद्याने दुसरी कोणती वाट उघडी ठेवली आणि ती उघडी वाट प्रत्यक्षात कोणाच्या खिशाला परवडते, हे तीन प्रश्न त्यामागे उभे राहतात. गोव्यासारख्या छोट्या राज्याने विचार करायला हवा तो या तिसऱ्या प्रश्नाचा.

कायदा नेमके काय म्हणतो?

आधी शब्दांचा घोळ दूर करायला हवा. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात ते स्वयंचलित शस्त्र. ते ‘प्रतिबंधित’ वर्गात मोडते. प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने दाबावा लागतो, पण रिकामे टरफल बाहेर फेकून पुढचे काडतूस चढवण्याचे काम यंत्रणा आपोआप करते ते अर्धस्वयंचलित. ज्या रायफलीत हे काम नेमबाजाला दरवेळी हाताने खटका मागे-पुढे ओढून करावे लागते, ती ‘बोल्ट’ पद्धतीची रायफल होय.

शस्त्र कायदा १९५९ चा आणि त्याखालचे सध्याचे शस्त्र नियम २०१६ चे. या नियमांच्या पहिल्या परिशिष्टात शस्त्रांची वर्गवारी आहे. पिस्तुलांना सामान्य परवान्याच्या वर्गात स्थान आहे. त्यामुळे इशापूरच्या सरकारी कारखान्याचे ‘अशनी’ हे पिस्तूल अर्धस्वयंचलित असूनही परवानाधारकाला विकत घेता येते. अर्धस्वयंचलित रायफलींना मात्र ही सवलत नाही. त्यांना पहिल्या वर्गात, निर्बंधित शस्त्रांमध्ये बसवले आहे. जिल्हाधिकारी शेतकऱ्याला किंवा व्यापाऱ्याला जो नेहमीचा परवाना देतात, त्यावर अशी रायफल घेता येत नाही. परदेशातून येताना सामानात घालून आणण्याचा विचार तर मनातही आणू नये. सर्वसाधारण प्रवाशाला सामानातून बंदूक आणण्यास सीमाशुल्क नियमांनी मनाई केली आहे. ब्रिटन, पोर्तुगाल वा आखातात नातेवाईक असलेल्या गोमंतकीय कुटुंबांनी ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी.

२०१९ च्या दुरुस्तीने हा कायदा आणखी कडक झाला. एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली. प्रतिबंधित शस्त्र बेकायदा बाळगल्यास किमान ७ आणि कमाल १४ वर्षांच्या कारावासाची तरतूद झाली. लग्नात वा मिरवणुकीत आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुसरीकडे परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेण्यात आली.

या कडक कायद्याच्या पोटात एक तरतूद मात्र वेगळ्या सुराची आहे. कलम १३ मध्ये परवाना अधिकाऱ्याने परवाना ‘द्यावा’ अशा शब्दांत मोजकी प्रकरणे सांगितली आहेत. त्यांत संरक्षणासाठी वा खेळासाठी लांब नळीची साधी बंदूक आहे, पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक आहे. आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याने लक्ष्यवेधाच्या सरावासाठी मागितलेले शस्त्रही आहे; १९५९ च्या मूळ कायद्यात इथे पॉइंट टू टू रायफल किंवा एअर रायफल असे शब्द होते. इतर बहुतेक प्रकरणांत अर्जदाराला ‘सबळ कारण’ पटवून द्यावे लागते. इथे क्लबचे सदस्यत्व आणि लक्ष्यवेध हेच कारण. अर्थात कलम १४ खाली सार्वजनिक शांतता, अर्जदाराची मानसिक स्थिती वा अपात्रता यांवरून नकार देता येतो. पण त्याच कलमात असेही बजावले आहे, की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. ‘परवडणारी पहिली रायफल’ शोधणाऱ्याने हे वाक्य आधी वाचावे. पहिली रायफल कोणती असावी, हे संसदेने १९५९ मध्येच ठरवून ठेवले आहे. आणि ती श्रीमंतांपुरती असू नये हेही.

बारडोलीची आठवण कशासाठी?

भारतीय कायदा बंदुकीकडे इतक्या साशंकतेने का पाहतो, हे समजून घ्यायचे तर सुरत जिल्ह्यातल्या बारडोलीपासून सुरुवात करणे योग्य ठरेल. ऊसमळ्यांचा आणि सहकारी साखर कारखान्याचा हा तालुका. खानदेश आणि डांगातून ऊसतोडीसाठी येणाऱ्या मजुरांमुळे मराठी माणसालाही तो परका नाही. मुंबई सरकारने येथील शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला. फेब्रुवारी १९२८ मध्ये शेतकऱ्यांनी सारा न भरण्याची शपथ घेतली. जप्त्या झाल्या, गुरेढोरे नेली गेली, जमिनी लिलावात निघाल्या, दहशत बसवण्यासाठी बाहेरून पठाण आणले गेले. वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखालील हा लढा ऑगस्टमध्ये तडजोडीने संपला आणि पुढे मॅक्सवेल-ब्रूमफील्ड चौकशीने वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आणली. याच लढ्याने वल्लभभाईंना ‘सरदार’ केले.

या सत्याग्रहातला शेतकरी निःशस्त्र होता. त्यामागे व्रत होते, तशीच परिस्थितीही होती. लॉर्ड लिटनच्या काळात आलेल्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने सर्वसामान्य भारतीयाच्या हातातून बंदूक काढून घेतली होती, आणि त्याच वेळी युरोपीय रहिवाशांना परवान्यातून सूट दिली होती. अहिंसेचे पुजारी असलेल्या गांधीजींनीही आत्मकथेत या कायद्याची गणना ब्रिटिश राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली आहे, यात वरवर दिसणारी विसंगती प्रत्यक्षात विसंगती नाही. शस्त्र हाती असून ते न उचलणे ही अहिंसा. शस्त्र हिरावून घेतल्यामुळे न उचलणे ही असहायता, असा तो भेद होता.

म्हणूनच बारडोलीची तडजोड झाली त्याच १९२८ च्या ऑगस्टमध्ये सादर झालेल्या नेहरू अहवालात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांत धरला गेला. तीन वर्षांनी, १९३१ मध्ये, कराची काँग्रेसच्या हक्कविषयक ठरावातही तो आला. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते बारडोलीचे सरदार. निःशस्त्र लढ्याच्या सेनापतीच्या अध्यक्षतेखालील अधिवेशनाने शस्त्रहक्काची मागणी जवळ केली, हे आज अनेकांना नवल वाटेल. त्या मागणीत हिंसेचे आकर्षण नव्हते. आपल्याच देशात दुय्यम ठरवले जाण्याचा नकार होता.

स्वातंत्र्य आले आणि चित्र पालटले. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश मूलभूत हक्कांत व्हावा अशी दुरुस्ती मांडली आणि कराचीच्या ठरावाचा दाखला दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. परकीय सत्तेने शस्त्रे नाकारली असताना त्या मागणीला अर्थ होता. आता राज्य आपलेच आहे, आणि गुन्हेगारी वृत्तीच्या माणसालाही लागू होईल असा सरसकट हक्क देणे कोणत्याही शासनाला परवडणारे नाही, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. पुढे १९५९ चा कायदा आला, १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला आणि मुक्तीनंतर गोव्यालाही लागू झाला. बंदूक हा भारतात हक्क नाही. तो सशर्त परवाना आहे, आणि ही भूमिका कोणा नोकरशहाने नव्हे, संविधानकर्त्यांनी जाणीवपूर्वक घेतलेली आहे.

जगाने काय अनुभवले?

ही भूमिका किती दूरदर्शी होती, हे पुढच्या काही दशकांत इतर देशांनी मोठी किंमत मोजून शिकले. अमेरिकेत १९६४ मध्ये बाजारात आलेली रुगर कंपनीची छोट्या काडतुसाची अर्धस्वयंचलित रायफल आजही अनेकांची ‘पहिली रायफल’ असते. बाप मुलाला वाढदिवसाला ती भेट देतो. त्याच बाजारात तिच्या शेजारी लष्करी घडणीच्या अर्धस्वयंचलित रायफली विकल्या जातात, आणि शाळांतील व बाजारपेठांतील हत्याकांडांच्या बातम्यांत पुन्हा पुन्हा त्यांचेच उल्लेख येतात.

ब्रिटनमध्ये १९८७ च्या हंगरफर्ड हत्याकांडानंतर मोठ्या काडतुसाच्या अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आली. पॉइंट टू टू मात्र कडक परवान्याखाली शिल्लक राहिली. ऑस्ट्रेलियात एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे ३५ जणांचा बळी गेल्यावर सरकारने या रायफली नागरिकांकडून मोबदला देऊन परत घेतल्या. न्यूझीलंडमध्ये मार्च २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जण मारले गेल्यावर काही आठवड्यांतच कायदा बदलला. मे २०२० मध्ये कॅनडाही त्याच वाटेने गेला. या देशांत नेमबाजीचा खेळ बंद पडलेला नाही. त्यांचे नेमबाज ऑलिंपिकला जातात, पदके जिंकतात. खेळ आणि अर्धस्वयंचलित रायफल यांचे नाते अपरिहार्य नाही, याचा याहून वेगळा पुरावा नको.

आपल्याकडेही बेफिकिरीची उदाहरणे दूरची नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यानंतर त्या एका जिल्ह्यात हजाराहून अधिक शस्त्र परवाने असल्याचे उघड झाले. हवेत गोळीबार करणाऱ्यांच्या चित्रफिती फिरू लागल्या आणि प्रशासनाला शंभराहून अधिक परवाने रद्द करावे लागले. बंदूक प्रतिष्ठेची वस्तू झाली की परवाना पद्धतीचे काय होते, ते बीडने दाखवले. म्हणजे नियम कडक असणे पुरेसे नाही. परवाना कोणाला आणि कशासाठी मिळतो, याला महत्त्व आहे.

खेळाला हवे तरी काय?

आता मुख्य मुद्दा. आंतरराष्ट्रीय नेमबाजीत रायफलीच्या ज्या स्पर्धा ऑलिंपिकमध्ये होतात, त्या दोनच प्रकारच्या: १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर थ्री पोझिशन. पहिलीत ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा दाबाखालच्या हवेने सुटतो. दुसरीत पॉइंट टू टू काडतूस वापरतात. दोन्हींत प्रत्येक वेळी एकच छर्रा वा काडतूस हाताने भरावे लागते. अर्धस्वयंचलित रायफलीला इथे जागाच नाही. ती यंत्रणा उपयोगी पडते ती २५ मीटर पिस्तुलाच्या प्रकारात. हौशी माणसाला मैदानावर जाऊन भराभर गोळ्या झाडण्यात मौज वाटत असेल. पण त्या मौजेचा आणि कौशल्याचा संबंध थोडा.

दहा मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. पात्रता फेरीत ७५ मिनिटांत ६० छर्रे. प्रत्येकाला जास्तीत जास्त १०.९ गुण, म्हणजे परिपूर्ण खेळ ६५४ गुणांचा. श्वास, नाडी, बोटाची हालचाल आणि मनाची स्थिरता यांची ही परीक्षा आहे. वेगाने गोळ्या सोडणारे यंत्र शिकणाऱ्याला ‘चुकली तर दुसरी आहेच’ अशी सवय लावते. एकेक छर्रा हाताने भरणारा नेमबाज दर खेपेला नव्याने विचार करतो. म्हणूनच जगभरचे प्रशिक्षक नवशिक्याच्या हाती प्रथम एकगोळीची रायफल देतात.

महाराष्ट्राने हे सिद्धही केले आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचे विश्वविजेतेपद मिळवले. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोत अठराव्या वर्षी १० मीटर एअर रायफलचे. शिक्षक वडिलांचा मुलगा असलेल्या स्वप्नील कुसाळेला २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश मिळाला, पुढे मध्य रेल्वेत नोकरी मिळाली, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळाले. या प्रवासात रायफल जितकी महत्त्वाची होती, तितकीच तिच्यामागची संस्थाही. प्रबोधिनी नसती तर कांबळवाडीच्या मुलाला पहिली रायफल कुठे आणि कशी मिळाली असती, हा प्रश्न गोव्यातील क्रीडा धोरण आखणाऱ्यांनी स्वतःला विचारावा.

मग पहिली रायफल कोणती?

व्यवहार पाहू. पहिला टप्पा एअर रायफलचा. छर्ऱ्याचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असलेल्या एअर रायफलीला सध्याच्या नियमांनुसार परवाना लागत नाही. विक्रेता ओळखपत्राची नोंद घेऊन ती विकतो. स्पर्धेच्या एअर रायफलीची ऊर्जा या मर्यादेच्या बरीच खाली असते. म्हणजे नेमबाजीच्या सर्वोच्च स्पर्धेचे साधन भारतात परवान्याविना मिळू शकते. ही सवलत थोर आहे. तिचा गैरवापर झाल्यास ती जाईलही. परवाना लागत नाही याचा अर्थ अंगणात, काजूच्या बागेत किंवा नदीकाठी पाखरांवर नेम धरण्याची मुभा आहे असा नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ एअरगनलाही तितकाच लागू आहे. अरुणाचल प्रदेशात तर पक्षी-प्राण्यांची शिकार थांबवण्यासाठी २०२१ पासून लोकांनी स्वेच्छेने एअरगन जमा करण्याची मोहीम चालवावी लागली.

एअर रायफलीत दोन जाती. पहिली स्प्रिंगवर चालणारी. ती देशी बनावटीची, काही हजारांत मिळणारी, देखभालीस सोपी. तिचा दोष म्हणजे स्प्रिंग सुटतानाचा धक्का. त्यामुळे अचूकतेला मर्यादा येते. दुसरी, टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी. हिला धक्का जवळजवळ नसतो आणि स्पर्धेत हीच वापरतात. अलीकडे महाराष्ट्रातील प्रिसिहोलसारखे भारतीय उत्पादक या जातीच्या रायफली तयार करू लागल्याने प्रारंभीचा खर्च बराच उतरला आहे. फाइनवर्कबाऊ, वॉल्थर, अनशुट्झ, स्टायर या जर्मन वा ऑस्ट्रियन रायफली मात्र लाखांच्या घरात जातात.

नवशिक्याने थेट दुकानात जाऊ नये. आधी किमान तीन ते सहा महिने क्लबच्या रायफलीवर शिकावे. उजवा डोळा प्रबळ की डावा, दस्त्याची लांबी किती हवी, गालाचा टेकू कुठे यावा, किती वजन पेलते, हे त्या काळातच कळते. स्पर्धेच्या एअर रायफलीला साडेपाच किलोपर्यंत वजनाची मुभा आहे; बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती तेवढे वजन देणे म्हणजे पाठीचे दुखणे विकत घेणे. वापरलेली रायफल घ्यायला हरकत नाही. चांगली नळी वर्षानुवर्षे टिकते. पण हवेच्या टाकीवरची तारीख अवश्य पाहावी. अशा टाक्यांचे आयुष्य साधारण दहा वर्षे मानतात आणि मुदत संपलेली टाकी स्पर्धेत चालत नाही. शिवाय सुमारे २०० बार दाबाची ती वस्तू आहे. तिथे काटकसर करू नये. महागडे जाकीट आणि विजार पहिल्या दिवशी लागत नाहीत. सर्वांत मोठा खर्च रायफलीचा नसतोच. तो छर्ऱ्यांचा, केंद्राच्या शुल्काचा आणि रोजच्या प्रवासाचा असतो. दिवसाला शंभर छर्रे आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर तीस हजार छर्रे होतात. हा हिशेब रायफल घेण्याआधी मांडावा.

दुसरा टप्पा पॉइंट टू टूचा. इथे परवाना अनिवार्य. स्वतःच्या नावे शस्त्र घेण्यासाठी एकवीस वर्षांचे वय लागते. मात्र बारा वर्षांवरील मुलांना प्रशिक्षणादरम्यान देखरेखीखाली विहित शस्त्र वापरता येते. पोलिस चौकशी, वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण, घरी कुलूपबंद साठवणुकीची हमी आणि राष्ट्रीय नोंदणीतील ओळख क्रमांक, अशी ही वाट आहे. ती लांब आहे, पण अन्यायकारक नाही. पॉइंट टू टूची गोळी इवलीशी दिसली तरी मोकळ्यावर दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या, वाड्यावाड्यांनी भरलेल्या गोव्यात मातीच्या भक्कम बांधाशिवाय ती कुठेही झाडणे म्हणजे शेजाऱ्याच्या जिवाशी खेळणे होय.

खरी अडचण पुढची आहे. परदेशी दर्जेदार रायफलीची आयात सामान्य परवानाधारकाला करता येत नाही; राष्ट्रीय संघटनेने मान्यता दिलेल्या, ठरावीक गुणांची पात्रता गाठलेल्या नेमबाजालाच ती मुभा आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने नेमबाजांसाठी मर्यादा सैल केल्या. नामवंत नेमबाजांना बारापर्यंत शस्त्रे, उदयोन्मुख नेमबाजांना एकाऐवजी दोन, आणि पॉइंट टू टूची काडतुसे एक हजारांऐवजी पाच हजार. निर्णय स्वागतार्ह होता. पण त्यात एक चक्रव्यूह शिल्लक राहिला: चांगली रायफल मिळण्यासाठी चांगले गुण हवेत आणि चांगले गुण मिळण्यासाठी चांगली रायफल. ज्याच्या घरी पैसा आहे, तो परराज्यातील अकादमीत जाऊन हा व्यूह भेदतो. ज्याच्याकडे नाही, तो बाहेरच राहतो. मालमत्तेअभावी परवाना नाकारू नये असे म्हणणारा कायदा अशा रीतीने व्यवहारात हरतो.

गोव्याने काय करावे?

गोव्यात बंदुकीची चर्चा निघते ती प्रामुख्याने दोन वेळी: रानडुकरे आणि माकडे शेत-बागायतीत शिरतात तेव्हा, आणि निवडणुका येतात तेव्हा. सत्तरी, सांगे, काणकोणच्या शेतकऱ्याकडे पिढीजात पीक संरक्षण परवाना असतो. आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघतो. पंचायत, जिल्हा पंचायत, विधानसभा, लोकसभा असे एकामागून एक प्रसंग येत राहतात आणि उभे पीक राखणीविना राहते. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्येच सरसकट जमा करण्याऐवजी छाननी समितीने प्रत्येक परवान्याचा स्वतंत्र विचार करावा असे बजावले होते. स्पर्धांत भाग घेणाऱ्या नोंदणीकृत नेमबाजांना या सक्तीतून वगळण्याची तरतूद निवडणूक यंत्रणेने केली आहे. तसाच विवेक शेतकऱ्याच्या बाबतीतही दाखवायला हवा. ज्याच्या नावावर कधी तक्रार नाही, त्याला संशयिताच्या रांगेत उभे करणे हा १८७८ च्या मनोवृत्तीचा अवशेष आहे. बारडोलीच्या शेतकऱ्याने नेमक्या याच मनोवृत्तीला नकार दिला होता.

खेळाच्या बाबतीत गोव्याचे दायित्व अधिक स्पष्ट आहे. २०२३ मध्ये ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचे यजमानपद राज्याने भूषवले. नेमबाजीही त्यात होती. स्पर्धा संपल्यावर साधने आणि जागा कुलूपबंद न राहता मुलांसाठी खुल्या राहिल्या तरच त्या खर्चाला अर्थ. दहा मीटरच्या एअर रायफल केंद्राला फार काही लागत नाही: बंदिस्त सभागृह, सुरक्षित भिंत, प्रकाश, काही लक्ष्ययंत्रे आणि एक जबाबदार प्रशिक्षक. प्रत्येक तालुक्याच्या क्रीडा संकुलात असे एक दालन उभे करणे राज्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. तिथे दहा-बारा सामायिक रायफली ठेवाव्यात. त्या केंद्राच्या मालकीच्या, केंद्रातच कुलूपबंद राहणाऱ्या आणि नोंदवहीवर दिल्या-घेतल्या जाणाऱ्या असाव्यात. मुलाने छर्ऱ्यांचा खर्च करावा, रायफलीचा राज्याने. विशिष्ट गुण गाठणाऱ्याला पुढच्या टप्प्यासाठी पॉइंट टू टू रायफल संघटनेमार्फत वापरायला मिळावी. क्लबच्या सदस्यांचे अर्ज कलम १३ नुसार ठरावीक मुदतीत निकाली काढण्याची जबाबदारी जिल्हाधिकारी कार्यालयांनी घ्यावी. नकार द्यायचा असेल तर कारण लेखी द्यावे, म्हणजे अपिलाची वाट मोकळी राहील.

यावर एक आक्षेप येईल: मुलांच्या हाती बंदुका देऊन आपण बंदुकीची संस्कृती रुजवत नाही का? आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. मात्र अनुभव उलट सांगतो. नेमबाजी केंद्रात मुलाला शिकवली जाणारी पहिली गोष्ट म्हणजे नळीचे तोंड कधीही माणसाकडे वळवायचे नाही. दुसरी, आज्ञा झाल्याखेरीज चापाला बोट लावायचे नाही. बीडच्या चित्रफितीत हवेत गोळ्या झाडणारा माणूस या शिस्तीतून गेलेला नसतो. शस्त्राभोवतीचे वलय नाहीसे होते ते त्याच्या शास्त्रशुद्ध परिचयाने, आणि ते वाढते चोरट्या कुतूहलाने. मोबाइलवर परदेशी रायफलींच्या चित्रफिती पाहणाऱ्या तरुणाला निव्वळ ‘नाही’ म्हणून भागणार नाही. त्याला जाण्याजोगी एक जागा दाखवावी लागेल.

सरदारांच्या पिढीने शस्त्राचा हक्क मागितला तो आत्मसन्मानासाठी, आणि शस्त्र न उचलता लढा जिंकला तो आत्मसंयमाच्या बळावर. नेमबाजीचा खेळ या दोन्ही गुणांची रोज परीक्षा घेतो. अर्धस्वयंचलित रायफलीचा दरवाजा बंद आहे आणि तो बंदच राहणे इष्ट आहे. परंतु एकेक छर्रा भरून अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका साधण्याचा दरवाजा कायद्याने सहा दशकांपूर्वीच उघडून ठेवला आहे. त्यातून सत्तरीच्या एखाद्या बागायतदाराची मुलगीही आत जाऊ शकते की केवळ पैसेवाल्यांचीच मुले, हे आता दिल्लीत नव्हे, पणजीत ठरणार आहे.